मधात कोण बसणार?

माझी आई बारीक आहे, एवढाच तिचा गुन्हा.

नाव शारदा. वर्ध्याची पोट्टी. लग्न होऊन रायपूरले, तात्यापाऱ्यात आली आणि त्याच दिवशी सासरच्या लोकांनी तिची जागा ठरवून टाकली. काकांच्या जीपमध्ये मागच्या सीटवर आधीच माणसं कोंबलेली होती. कोणीतरी म्हटलं, "नवरीले मधात घ्या, बारीक आहे, बसून जाईल." आणि ती बसून गेली. पुढे काकांची जीप विकली गेली, भाड्याच्या गाड्या झाल्या, बाबांची लाल छोटी गाडी आली, पण आईची जागा काही हलली नाही. मागे, मधात, पायाखाली तो मेला उंचवटा, गुडघे पोटाशी आणि मांडीवर जेवणाचा डबा. माझा भाऊ नीलेश गाडी चालवतो, म्हणून तो पुढे. मले गाडी लागते, उलट्या होतात, म्हणून मी खिडकीत. माझा नवरा सचिन या घरचा जावई, म्हणून नीलेशच्या बाजूची सीट त्याची. आणि जावयासाठी पुढची सीट सोडून बाबा मागे आले की त्यांना दुसरी खिडकी. उरलं काय? मधात. उरलं कोण? आई.

आता तुम्ही म्हणाल, बाई गरीब असेल, तोंडातून शब्द निघत नसेल. अव माय! तुम्ही तिले सरकारी दवाखान्यात पाहा. ती तिथं रक्त काढते, लॅब टेक्निशियन आहे. तिच्या खिडकीपुढे रिक्षावाला असो की कोण्या साहेबाचा पीए, लाईनीतच उभं राहायचं. एक जण एकदा फोन कानाले लावून सरळ आत घुसला आणि बाही वर करून बसला. आईनं सुई खाली ठेवली. "सर, मैं एक ही हूँ। पीछे जाइए।" तो बडबडत राहिला, ही हात बांधून उभी. शेवटी गेला मागे. अशी बाई. पण घरच्या गाडीचं दार उघडलं की कोण जाणे तिले काय व्हायचं. न सांगता आत सरकायची, मधात जाऊन बसायची, डबा मांडीवर घ्यायची. मी कितीदा म्हटलं, आई, बाबांना सरकव ना एकदा. तर म्हणे, "जाऊ दे ना देवश्री, किती वेळचं आहे."

मग देवरीजवळची ती गोष्ट झाली. आम्ही नागपूरहून परत येऊन राहिलो होतो. पुढच्या ट्रकनं एकदम ब्रेक मारला, नीलेशनंही मारला. आमचे सगळ्यांचे बेल्ट लागलेले. आईचा नव्हता, कारण मधात बेल्ट असतो हेच आमच्या घरात कोणाले माहीत नव्हतं. ती डब्यासकट दोन सीटांच्या मधून पुढे गेली आणि थेट गियरवर पडली. खांद्याजवळचं हाड मोडलं, कॉलरबोन म्हणतात ते. उजवा हात. ज्या हातानं ती सुई धरते तो. दोन महिने हात गळ्यात बांधून होती. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. अजूनही केस विंचरताना हात अर्ध्यातून खाली येतो. डॉक्टर साफ म्हणाले, आणखी एक असा झटका बसला तर या हातानं काम होणार नाही.

आणि आमच्या घरच्यांनी त्याचं काय केलं? जोक केला. खरंच सांगते. कोणी पाहुणा आला, चहा झाला, की बाबा सुरू. "अरे, शारदा तर चालत्या गाडीत गियर टाकायले पुढे आली होती!" मग नीलेश सांगणार, आलूची भाजी पूरे डॅशबोर्ड पे. मग सचिन सांगणार, काचेवरची पोळी त्यानं कशी सोलून काढली. सगळे पोट धरून हसणार. आईही हसायची. हसता हसता डावा हात खांद्यावर जायचा, ते फक्त मी पाहायची आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. सचिनले मी घरी येऊन झापलंही. "अगं, मजाक आहे," म्हणे. मजाक म्हणे!

तर यंदा नवी गाडी घ्यायचं ठरलं. क्षमाचं, म्हणजे माझ्या मामेबहिणीचं वर्ध्याले लग्न होतं, आणि लाल गाडीनं आता जीव सोडला होता. मोठी गाडी घ्यायची, एसयूव्ही, पेट्रोलची. डिझेलची नाही, कारण बाबा रिटायर झाले आणि रोजचं धावणं उरलं नाही. हे सगळं सचिननं ठरवलं. सचिन मूळचा नागपूरचा आहे, आम्ही राहतो रायपुरातच. नागपूरच्या माणसाले गाडीतलं कळते, असं आमच्या बाबांचं ठाम मत आहे, आणि सचिनचं तर आहेच आहे. महिनाभर तो बाथरूममध्येसुद्धा गाड्यांचे व्हिडिओ पाहून राहिला होता. शेवटी दोन गाड्या उरल्या. एक पांढरी, एक करडी. पांढरीले टर्बो इंजिन, छत उघडणारं, पुढे टीव्हीएवढा स्क्रीन. करडी साधी. इंजिनात दम जरा कमी, छत बंद, स्क्रीन लहान, वरून बुक केल्यावर महिनाभर थांबावं लागणार. सचिनचा आणि नीलेशचा जीव पांढरीवर जडला होता. करडी फक्त नावाले होती, दोन पाहिल्या असं सांगता यावं म्हणून.

आईले एवढंच विचारलं, रंग कोणता. ती म्हणाली, "ते छत उघडते म्हणता, ते काहून? मे महिन्यात कुरडया वाळवायच्या का गाडीत?" मी हसली. बाकी कोणी हसलं नाही.

पांढरी पाहायले आम्ही चौघं गेलो. बाबा म्हणाले, तुम्ही पाहून घ्या, जावईबापू आहेत ना. शोरूमवाले चालवून पाहायले नेहमी नव्या रायपूरकडे नेतात. काहून नेणार नाहीत? तिथं रुंद रिकामे रस्ते, ना गाय ना गर्दी. तिथं माझी जुनी स्कूटीही मख्खन चालते. नीलेश चालवायले बसला, बाजूले शोरूमवाला, मागे सचिन, मी आणि मधात आई. कोणी सांगितलं नाही, तीच सरकली. नीलेशनं गाडी पळवली, सचिन मागून ओरडून राहिला, "देख बे, पिकअप देख!" शोरूमवाल्यानं छत उघडलं. ऊन सरळ आईच्या डोक्यावर.

आई मात्र सीटच्या फटीत हात घालून काहीतरी शोधून राहिली होती.

"भैया," ती म्हणाली, "बीच वाले का बेल्ट कहाँ है?"

शोरूमवाल्यानं मागे वळून पाहिलं. "मैडम, बीच में कौन बैठता है? उसको नीचे कर दीजिए, आर्मरेस्ट बन जाता है। कप रखने की जगह भी है।"

"बीच में मैं बैठती हूँ।"

तो थोडा गडबडला. मग गाडी बाजूले लावून मागे आला, सीटच्या खाली दाबलेला एक कमरेचा पट्टा ओढून काढला. अजून प्लास्टिकमध्येच गुंडाळलेला. खांद्यावरून येणारा बेल्ट नव्हता. डोकं टेकायले काही नव्हतं. आईनं तो पट्टा बांधून पाहिला, पुढे वाकून पाहिलं. डोकं सरळ दोन सीटांच्या मधात गेलं. तिनं पट्टा सोडला आणि परत सीटखाली दाबून ठेवला.

संध्याकाळी बाबांसमोर बैठक बसली. पांढरीच घ्यायची, पक्कं. सचिननं इंजिनाचं सगळं पुराण सांगितलं, बाबा मान डोलावून राहिले. आई चहा घेऊन आली. बाबांना काय सुचलं की, हसत हसत म्हणाले, "शारदा, या गाडीत गियर टाकायले पुढे येऊ नको बरं, आटोमॅटिक आहे ही!"

नीलेश हसला. सचिन हसला.

आईनं ट्रे टेबलावर ठेवला. आपटला नाही, ठेवला. "मी त्या गाडीत बसणार नाही," ती म्हणाली.

"काहून? काय झालं?" बाबा.

"दोन वर्षं तुम्ही हसून राहिले. माझं हाड मोडलं आणि तुम्हाले भाजी दिसली. कोणी एकानं तरी विचारलं का, की मधात बेल्ट काहून नव्हता? आता नवी गाडी घेऊन राहिले, छताचं पाहिलं, स्क्रीनचं पाहिलं, गाणं किती जोरात वाजते ते पाहिलं. मधात काय आहे, ते कोणी पाहिलं? त्या शोरूमवाल्याले तर माहीतही नव्हतं की तिथं माणूस बसते. त्याचं सोडा. तुम्हाले माहीत होतं."

"अरे आई, तू तो सीरियस हो गई," नीलेश म्हणाला.

"हव, झाली सीरियस! हा हात आहे तोवर माझी नोकरी आहे. पांढरी घ्यायची असेल तर खुशाल घ्या. मी रेल्वेनं येईन वर्ध्याले."

मी टाळी वाजवणारच होती, पण सचिनचं तोंड पाहून थांबली. बाबांनी चहा तसाच थंड होऊ दिला.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर आईनं मले फोन केला. "स्कूटी घेऊन ये. करडी पाहायले जाऊ." बस, आम्ही दोघीच. शोरूमवाला आधी आमच्या मागे पाहून राहिला, कोणी माणूस येऊन राहिला का म्हणून. "सर नहीं आए?" आई म्हणाली, "सर घर पर हैं। गाड़ी दिखाइए।"

त्यानं पुढचं दार उघडलं. आई मागे गेली आणि मधात बसली. तो म्हणे, मैडम, आगे बैठिए ना, पीछे तो खाली है. ही हलली नाही. आधी पाय ठेवून पाहिले. उंचवटा होता, पण बुटका. वरून खांद्यावर येणारा बेल्ट होता, तो लावला, सोडला, परत लावला. डोकं मागे टेकवलं. मग त्याले म्हणाली, "सदर बाजार चलिए।"

"मैडम, नवा रायपुर चलते हैं, रोड अच्छी है।"

"अच्छी रोड पे तो सब अच्छा है।"

बिचाऱ्यानं सदर बाजारात गाडी घातली. संध्याकाळची वेळ, सराफ्याची गर्दी, डाव्या उजव्या हातानं स्कूटरवाले घुसून राहिलेले. मी खिडकीत तोंडावर रुमाल धरून बसलेली. आणि एका कापडाच्या दुकानापुढे एक बाई स्कूटरवर मागे दोन पोट्टे बसवून आडवी आलीच! शोरूमवाल्यानं कचकन ब्रेक मारला. मी आईकडे पाहिलं. बेल्टनं तिले पकडून ठेवलं होतं. जागची हलली नव्हती. तिचा डावा हात मात्र उजव्या खांद्यावर गेला होता आणि डोळे गच्च मिटलेले होते.

"आई? लागलं का?"

तिनं डोळे उघडले. भरलेले होते. "नाही लागलं," ती म्हणाली. "देवश्री, नाही लागलं गं. असं असते होय? तुम्ही सगळे असे बसत होते इतके दिवस?"

मी तिचा हात धरून बसली.

घरी येऊन आईनं सांगितलं, करडी. सचिननं तोंड वाकडं केलं, टर्बो नाही, छत नाही, लोक काय म्हणतील. आई म्हणाली, "लोक मधात बसणार आहेत का?" बाबांनी आदल्या संध्याकाळपासून एकही जोक केला नव्हता. म्हणाले, करडीच घ्या. संपला विषय.

पण संपला कुठे! आमच्या घरचे लोक म्हणजे काय सांगू तुम्हाले. गाडी बुक झाली आणि दुसऱ्या दिवसापासून नवीन टेप सुरू झाली. बाबा शेजाऱ्याले सांगून राहिले, "खास शारदासाठी घेतली. मधातली सीट एक नंबर आहे!" नीलेश ऑफिसात सांगून राहिला, हमने तो आई की सीट देखके गाड़ी ली. सचिननं वर्ध्याले मामाले फोन करून सांगितलं, टर्बो सोडली पण आईंची मधातली सीट सोडली नाही. जसं काही यांनीच फटीत हात घालून बेल्ट शोधला होता! सगळ्यांना आता मोठ्या मनाचं झाल्यासारखं वाटून राहिलं होतं. आईची जागा आता बेल्टसकट कायमची पक्की. मले तर वाटलं, हे बरं झालं का वाईट झालं? जिंकली तर आईच, पण जिंकून परत मधातच? मी तिले विचारलंही एकदा. ती मटार सोलून राहिली होती. म्हणाली, "गाडी तर येऊ दे."

गाडी लग्नाच्या दोन दिवस आधी आली. निघायच्या दिवशी सकाळी तात्यापाऱ्यातली आमची गल्ली उठून बाहेर आली होती. सामान मागे गेलं. सचिन इस्त्रीचा कुर्ता घालून तयार. बाबांनी सवयीनं पुढचं दार उघडलं. "या जावईबापू, बसा."

सचिन बसायले गेला, तर सीटवर आईची पर्स ठेवलेली. मागून आई आली. लग्नाची हिरवी साडी, हातात काही नाही. डबा तिनं मागे सामानात टाकला होता. "जरा सरका," ती सचिनले म्हणाली आणि पुढच्या सीटवर बसली.

गल्लीत सगळे पाहून राहिलेले. बाबा हळूच म्हणाले, "अगं, जावई कुठे बसतील मग?"

"मधात."

"शारदा, जावई आहेत ते!"

"मग काय झालं? खांद्यावरून बेल्ट आहे, डोकं टेकायले आहे, पायाले जागा आहे. मी स्वतः बसून पाहिली. महिनाभर तुम्हीच सगळ्या रायपूरले सांगून राहिले ना, एक नंबर सीट आहे म्हणून? एक नंबर सीट जावयाले नाही द्यायची तर कोणाले द्यायची?"

नीलेश स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला, "आई, पर वो सीट तो तेरे लिए देखी थी।"

"मी पाहिली रे. आणि माझ्यासाठी नाही पाहिली." आता तिचा आवाज चढला. गल्ली ऐकून राहिली होती, तिले फिकीर नव्हती. "मी तर तिथं बसायचं, तुम्ही चहावर हसले त्याच दिवशी मनातून सोडलं होतं. पण पाच जणांची गाडी आहे, कोणीतरी बसेलच ना मधात? त्याचं हाड मोडू नये म्हणून पाहिली. माझं मोडलं तेव्हा तुम्ही हसले. तुमचं मोडलं तर मले हसू येणार नाही. आणि आज माझ्या माहेरी चाललो आपण. दरवेळी तुम्ही सगळे उतरता, भेटता, पाया पडून आत जाता, तेव्हा कुठे मी सरकत सरकत बाहेर निघते. डबा घेऊन. माझा भाऊ दारात उभा असते, मले पाहायले. आज मी पहिले उतरणार."

सचिननं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय पाहता? मले गाडी लागते." आणि मी माझ्या खिडकीत जाऊन बसली.

सचिन आत सरकला. एवढा उंच माणूस, खांदे आखडून बसला. त्याले बेल्ट अडकवायचा खटका सापडेना. चाचपडून राहिला. मग दुसऱ्या बाजूनं बाबा आत आले, त्यांनी सीटच्या फटीत हात घातला, खटका शोधला आणि जावयाचा बेल्ट स्वतःच्या हातानं लावून दिला. बराच वेळ त्यांचा हात तिथंच होता.

"शारदा," ते मागून म्हणाले, "तेव्हा मी पाहायले पाहिजे होतं गं."

"हव," आई म्हणाली. "पाहिजे होतं."

तिनं मागे वळून पाहिलं नाही. काच खाली केली, पाय लांब केले. "चल नीलेश," ती म्हणाली.